आई कल आई

मंगळवारी सकाळी झाशीत, नगऱ्यातल्या घरी तुझे निधन झाले. कारण हृदयविकाराचा झटका. शेजारच्या भाभींनी डॉक्टरांना बोलावले. ते पोहोचले तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते. दुपारच्या गाडीने तुझी मुलगी सई दिल्लीहून आली. संध्याकाळी तिनेच अग्नी दिला. मी तिथे होते.

उज्ज्वला, निधनाच्या बातम्या लिहिण्यात आणि तपासण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली. त्यांत 'तुझे' हा शब्द वापरायची वेळ कधी आली नव्हती.

जन्म, शिक्षण, पदे, पश्चात परिवार हे इथे देत नाही. गुरुवारच्या हिंदी पेपरात ते आले आहे, माझ्याच जुन्या पेपरात. त्यात तुझा हुद्दा चुकला आहे. कळवले आहे.

या चार-पाच दिवसांत भेटायला येणाऱ्यांनी मला एकच गोष्ट विचारली. कॉलेजात ती कॉम्प्युटर शिकवायची हे माहीत आहे, पण घरी त्या पुढच्या खोलीत बसून ती नेमके काय करत होती? मी त्यांना जे सांगितले ते इथे लिहिते. चुकले तर दुरुस्त करायला तू नाहीस, म्हणून जपून लिहिते.

तू एक वाचणारे यंत्र केले होतेस. ते इंटरनेटवरची हिंदी आणि मराठी पाने दिवसभर वाचायचे आणि त्यांतून जगाबद्दलच्या लहान लहान गोष्टी शिकायचे. सुरुवातीला तू त्याला थोडीच नावे दिलीस: बेतवा, केन, धसान. या नद्या आहेत, एवढेच सांगितलेस. ही नावे कोणत्या वाक्यांत येतात ते त्याने शोधले. '...च्या काठी', '...ला पूर आला'. मग त्याच वाक्यांत आणखी कोणती नावे बसतात ते पाहिले, आणि तू न सांगितलेल्या नद्या गोळा केल्या. नावांवरून वाक्ये, वाक्यांवरून नावे. जितक्या पानांवर एखादी गोष्ट सापडेल तितका त्याचा तिच्यावर विश्वास वाढायचा. तू त्याला 'वाचक' म्हणायचीस. पेपरात काम केलेल्या माणसाला हा शब्द यंत्रासाठी वापरणे जड जाते. मी तसे म्हटलेही होते. तू म्हणालीस, "तुमच्या वाचकांपेक्षा हा बरा. शेवटपर्यंत वाचतो."

मला तू पहिल्यांदा बोलावलेस ते एका तक्रारीसाठी. मी आत पाऊल टाकायच्या आधीच तू पडद्याकडे बोट केलेस.

"वाच. खाद्यपदार्थ या सदराखाली काय काय आहे?"

"जिलबी, पोहे, समोसा, कचोरी, चर्चा," मी वाचले. "चर्चा?"

"गरमागरम समोसा, गरमागरम कचोरी, गरमागरम चर्चा."

"कुठं वाचलं यानं?"

"तुमच्याच पेपरात, बाईसाहेब. 'सदन में गरमागरम चर्चा.' आणि पुढं बघ. चर्चा पानात पडली म्हणताना त्यानं बैठक, वाद आणि पोटनिवडणूकसुद्धा वाढून घेतली."

"आमच्याकडे ते तसंच आहे," मी म्हटले. "पोट त्याच्यावरच भरतं."

तू इतकी हसलीस की चष्मा काढून पुसावा लागला. मग गंभीर झालीस. एक चूक शिरली की ती दुसरीला घेऊन येते, म्हणून आठवड्यातून एकदा कुणीतरी माणसाने बसून पाहायला हवे, म्हणालीस. यंत्र नवीन शिकलेले दाखवेल, कुठे वाचले ते सांगेल. माणसाने 'खरे', 'खोटे' किंवा 'माहीत नाही' दाबायचे. "तू बस. तू दयामाया न करता काटतेस."

रविवारची सकाळ ठरली. बडा बाजारातल्या आमच्या गल्लीतून मी टेम्पोने नगऱ्याला यायची, तू चहा ठेवायचीस आणि आपण बसायचो. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर झाशीत आले आणि राहून गेले. तुझे वडील भुसावळहून रेल्वेत बदली होऊन आले. त्यावरून आपली थट्टा नेहमीची होती. माझ्या तोंडून स्वयंपाकघराऐवजी 'मुदपाकखाना' निघाले की तू उठून मुजरा करायचीस. मी तुम्हा रेल्वेवाल्यांना उपरे म्हटले की म्हणायचीस, "बाई गं, तुम्ही फौजेबरोबर आलात, आम्ही मालगाडीबरोबर. दोघांनाही कुणी पाटावर बसवायला बोलावलं नव्हतं."

पहिल्या वर्षी मी तुझ्याशी भांडून एक गोष्ट बदलून घेतली. एखादी बातमी पुष्कळ पानांवर आहे म्हणून यंत्र तिला पक्की मानत होते. मी सांगितले की एकाच संस्थेची बातमी सगळ्या पेपरांनी जशीच्या तशी छापली तर ते एकच सूत्र झाले. छापणारे किती, याला अर्थ नाही. तू आधी नाही म्हणालीस. पुढच्या रविवारी न बोलता दाखवलेस: शब्दाला शब्द जुळणारी पाने आता एकच धरली जात होती. कॉलेजात मुलांना शिकवताना 'हे मी एका उपसंपादिकेकडून घेतलं' असे तू सांगायचीस, हे मला परवा तुझ्या एका विद्यार्थिनीकडून कळले. मला तू कधी बोलली नाहीस.

अलीकडे सगळे तुला विचारायचे की आता फोनसुद्धा पाहिजे ते सांगतो, मग हा खटाटोप कशाला. तू म्हणायचीस, "त्याला विचारा, कुठं वाचलंस? माझा वाचक तेवढं सांगतो." या एका मुद्द्यावर आपला वाद नव्हता.

वाद होता तो झाशीच्या पानावरून.

आपल्याकडच्या मराठी घरांसाठी तू इंटरनेटवर एक पान सुरू केलेस. गणपतीची सूचना, कुणाची रेसिपी, कुणाकडे बारसे, कुणाचे निधन, म्हाताऱ्यांच्या आठवणी. लोक फोनवरून लिहून पाठवायचे. संपादक म्हणून तू माझे नाव घातलेस आणि वाचकाला ते पान वाचायला लावलेस. त्याला आपली मराठी यावी, एवढाच हेतू होता.

जोशीकाकांनी गणपतीत लिहिले: 'सर्व भाविकांनी टाइम से उपस्थित रहावे. प्रसाद लिमिटेड आहे.' मी ते 'वेळेवर उपस्थित राहावे, प्रसाद मर्यादित आहे' असे केले. तासाभरात तू ते पुन्हा होते तसे केलेस. रविवारी यंत्राने 'प्रसाद लिमिटेड' कंपन्यांच्या सदरात टाकलेले निघाले.

"बघ," मी म्हटले. "दुरुस्त केलेलं राहू दिलं असतंस तर ही वेळ आली नसती."

"चूक वाचकाची आहे. जोशीकाकांची नाही."

"जोशीकाकांना मराठी येत नाही, हिंदीही येत नाही."

"जोशीकाकांना जोशीकाकांची भाषा येते. प्रसादाला सगळे वेळेवर आले की नाही?"

आले होते.

त्याच महिन्यात कुलकर्णीकाकांचे प्रकरण झाले. त्यांच्या सुनेने पानावर लिहिले, 'काका गेले.' आणि खालच्या ओळीत, 'पुण्याला, मोठ्या मुलाकडे.' यंत्राने पहिल्या ओळीवरच त्यांना निधनाच्या सदरात टाकले. तू ते सदर पानावर दिसेल असे जोडले होतेस. संध्याकाळी काकांचा पुण्याहून फोन आला. "उज्ज्वला बेटा, मी अजून आहे बरं का. पेन्शन सुरू राहू दे." तुला हसावे की माफी मागावी ते कळेना. हिंदीत 'गए' म्हणजे गेले, एवढेच. मराठीत 'गेले' म्हणजे गेले आणि वारलेही. यंत्राने खालची ओळ न पाहता नको तिथे दुसरा अर्थ लावला होता.

तेव्हा मी तुझ्याकडून दुसरा नियम करून घेतला. घरचे किंवा दवाखाना यांच्याकडून पक्की केल्याशिवाय निधनाची बातमी आमच्याकडे छापायला जात नाही. यंत्रानेही जाऊ देऊ नये. माणसाने 'खरे' म्हटल्याशिवाय त्याने कुणालाही मेलेले मानू नये. तू लगेच कबूल झालीस. तो नियम अजून आहे.

पण मूळ अडचण तशीच होती. यंत्र प्रत्येक ओळीला आधी विचारायचे की तू हिंदी की मराठी? ओळ यातही नाही आणि त्यातही नाही अशी निघाली की ती कचऱ्यात टाकायचे. झाशीच्या पानावरच्या बहुतेक ओळी कचऱ्यात जात होत्या. आपण घरात बोलतो ते जवळजवळ सगळे.

मी म्हटले, मी आठवड्याला बसून सगळे शुद्ध करून देते. हे काम मला येते. तू नाही म्हणालीस. मी कारण विचारले, तेव्हा तू एक वाक्य टाइप केलेस.

आई कल आई.

यंत्राने ते हिंदी समजून वाचले. उत्तर आले की 'कल' नावाची कुणीतरी दोन वेळा आली. मग तू त्याला मराठी म्हणून वाचायला सांगितलेस. आता 'कल' म्हणजे मतमोजणीतला कल झाला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक आई बसली.

मी हसले. तू हसली नाहीस. त्या दिवशी मला तुझ्या पहिलीच्या वर्गाबद्दल कळले.

तुझी आई महिनाभर भुसावळला माहेरी होती. ती परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू वर्गात उभी राहून सांगितलेस, "मैडम जी, आई कल आई."

"कौन कल आई?"

"आई."

"हाँ बेटा, आई, पर कौन आई?"

"आई आई!"

सगळा वर्ग हसला. मैडमही हसल्या. त्या वाईट नव्हत्या, तू मला दोनदा सांगितलेस. घरी जाऊन तू आईला म्हणालीस की आजपासून तुला मम्मी म्हणेन. आई बरं म्हणाली. ती गेली तोपर्यंत तू तिला मम्मीच म्हणत राहिलीस. सई झाली तेव्हा तिने मात्र तुला आई म्हणावे असा तू हट्ट धरलास. सईला मराठी बोलता येत नाही, समजते. तो एक शब्द तिला येतो.

"आता हे यंत्रपण मला विचारतंय, कौन आई," तू म्हणालीस. "मी त्याला 'आई काल आली' असं दुरुस्त करून दिलं तर ते वाचेल. कुणीही वाचेल. पण ते तुझं वाक्य झालं. माझं मी एकदा मागं घेतलंय. पुन्हा घेणार नाही."

त्या वाक्यावर तुझे सगळे काम येऊन ठेपले, असे मी म्हटले तर ते फुगवून सांगणे होणार नाही. ज्या दिवशी वाचक हे वाक्य नीट वाचेल त्या दिवशी झाशीचे पान कचऱ्यातून बाहेर येईल, असे तू ठरवले होतेस. पुष्कळ रविवार आपण ते घालून पाहिले. तू काहीतरी बदलायचीस, यंत्र काहीतरी नवीन चूक करायचे. एकदा त्याने 'आई' हे रेल्वे स्टेशन ठरवले.

मागच्या रविवारी आपण भांडलो. आवाज चढले नाहीत, तुझे आणि माझे भांडण कधी तसे नव्हते. तू म्हणालीस, "ओळ कुठल्या भाषेतली आहे हे विचारणंच बंद करतेय. ओळ कुणाची आहे ते विचारायचं. त्या माणसानं आधी काय काय लिहिलंय ते बघायचं आणि त्याच्या बोलण्यानं त्याची ओळ लावायची."

"म्हणजे एका माणसाच्या शब्दावर विश्वास? दुसरं सूत्र नाही?"

"घरातल्या बोलण्याला दुसरं सूत्र कुठून आणू?"

"मग ती बातमी नव्हे. गप्पा झाल्या."

"तू कधी घरात बातमी बोलतेस?"

मी म्हटले की एका सूत्रावर मी कधी काही छापलेले नाही आणि आता 'खरे'ही दाबणार नाही. तू कप उचलून आत गेलीस. बाहेर येऊन म्हणालीस, "बरं. पुढच्या रविवारी दाखवते. तेव्हा बघून हवं तर दाबू नकोस." दारापर्यंत सोडायला आलीस. टेम्पो मिळेपर्यंत उभी होतीस. छावणीकडचा रस्ता बंद आहे, फिरून जा, असे सांगितलेस. आपले शेवटचे बोलणे ते.

त्या भांडणात कोण बरोबर, हे ठरलेले नाही. तू असतीस तर आणखी काही रविवार चालले असते.

जे राहिले ते असे. तू मला अनेकदा विचारलेस, "मराठीत कधी लिहिणार?" मी आयुष्यभर हिंदीत लिहिले. मराठी घरात बोलले, आणि ती लिहिण्यालायक नाही असे धरून चालले. दुसऱ्यांची दुरुस्त करत होते ती म्हणूनच. हे तुला ठाऊक होते का, मला माहीत नाही. विचारले नाही. हा लेख मराठीत आहे. तो आपल्या पानावर जाईल आणि वाचक तो वाचेल. त्यात जिथे हिंदी आली आहे तिथे राहू दिली आहे.

आज रविवार. सकाळी मी नगऱ्याला गेले. सईने दार उघडले.

"मावशी, आओ. चहा ठेवती हूँ मैं."

पुढच्या खोलीत यंत्र सुरू होते. "मैंने बंद नहीं किया," ती आतून म्हणाली. "आई रविवार को आपके साथ बैठती थी ना. सोचा, आप आओगी."

"बरं केलंस."

पडद्यावर दोन ओळी पुष्टीसाठी थांबल्या होत्या. पहिली तू सोमवारी दुपारी घातलेली.

'आई कल आई.' पहिली आई: व्यक्ती, लिहिणारीची आई. कल: आदला दिवस. दुसरी आई: आली. कुठे वाचले: झाशीचे पान, उज्ज्वला. पुष्टी: बाकी.

बरोबर होते. तू ते पाहिले होतेस, कारण खाली तुझी खूण होती. स्वतःच्या परीक्षेचा निकाल स्वतः लावायचा नाही म्हणून 'खरे' दाबायचे तू माझ्यासाठी ठेवलेस. मी सईला हाक मारली.

"तुझी आजी भुसावळहून आली होती, ते शाळेतल्या गोष्टीच्या आदल्या दिवशीच ना? आणखी कुणाला ठाऊक आहे?"

ती दारात आली. "और किसको पता होगा, मावशी? आई ही बताती थी."

सूत्र एकच. मी 'खरे' दाबले.

दुसरी ओळ सईची होती. बुधवारी सकाळी तिने पानावर लिहिलेली.

'आई कल गई.' आई: व्यक्ती, उज्ज्वला, लिहिणारीची आई. कल: मंगळवार. गई: निधन. कुठे वाचले: झाशीचे पान, सई. पुष्टी: बाकी.

सई चहाचे कप घेऊन माझ्यामागे उभी होती. तिनेही ते वाचले.

"ग़लत लिखा ना मैंने? हिंदी में ऐसे नहीं बोलते. मेरी दोस्त ने पूछा, कहाँ गई? मुझे समझ में ही नहीं आया क्या बोलूँ." मग म्हणाली, "आप ठीक कर दो, मावशी."

"नको," मी म्हटले. "बरोबर आहे."

तिने कप टेबलावर ठेवले आणि शेजारच्या खुर्चीवर बसली, तुझ्या. मंगळवारी संध्याकाळी तिने अग्नी दिला तेव्हा मी तिथे होते. मी 'खरे' दाबले. ओळीपुढचा शब्द बदलला. पुष्टी: झाली.